छायाचित्रातील वानगी : दोन नामांकित स्मार्टफोनची व्यापाऱ्याच्या दृष्टीने पारख

वानगी पाहून सौदा ठरवावा, ही बाजारपेठेची जुनी रीत आहे. सांगलीच्या बाजारात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज जाणकार खरेदीदार दर बोलत नाही. पोत्यातील मूठभर माल तळहातावर घेतला जातो आणि उरलेला माल त्या मुठीसारखाच असेल, या भरवशावर लाखोंचा व्यवहार होतो. हा भरवसा केवळ शिरस्त्याचा नाही, त्याला कायद्याचेही पाठबळ आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यातील कलम १७ नुसार नमुन्यावरून झालेल्या विक्रीत संपूर्ण माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे, ही अट न लिहिताही गृहीत धरली जाते. कलम १५ त्याच्याही पुढे जाते. नमुना आणि वर्णन या दोन्हींवरून विक्री झाली असेल, तर मालाचे नमुन्याशी जुळणे पुरेसे नसते, तो वर्णनाशीही जुळावा लागतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही वानगी तळहातावरून हातातल्या फोनमध्ये गेली. येवल्याची पैठणी, इचलकरंजीचे कापड, हुपरीचे चांदीचे पैंजण यांची छायाचित्रे दुकान बंद झाल्यावर रात्री पाठवली जातात. दुसऱ्या जिल्ह्यातील दुकानदार त्यांवर बोट ठेवून नग सांगतो आणि चार दिवसांनी पार्सल उघडल्यावर त्याचा फोन येतो, ‘शेठ, हा रंग तो नव्हे.’ मग जाण्यायेण्याचे भाडे, क्रेडिट नोट, जीएसटीची वळती आणि हंगाम टळून गेल्यावर परत आलेला माल, असा सारा खर्च पेढीच्या माथी येतो. छायाचित्र हे कायद्याच्या दृष्टीने नमुना ठरते की वर्णन, याचा खल वकिलांनी खुशाल करावा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती वानगीच असते.

म्हणूनच सव्वा ते दीड लाख रुपये मोजून फोन घेताना व्यापारी कुटुंबाने विचारावयाचा प्रश्न ‘कोणत्या फोनचे छायाचित्र सुंदर येते?’ हा नव्हे. सुंदर छायाचित्र आता बहुतेक फोन काढतात. मालाशी प्रामाणिक राहणारे छायाचित्र कोणता फोन काढतो, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर ॲपलचा आयफोन १६ प्रो मॅक्स (सप्टेंबर २०२४) आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस २५ अल्ट्रा (जानेवारी २०२५) हे दोन प्रतिस्पर्धी घासून पाहणे उपयुक्त ठरेल.

या दोन कंपन्यांचे नाते व्यापाऱ्याला चटकन उमगावे असे आहे. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर अमेरिकेत दावा लावला. सॅमसंगने आयफोनचे रूप उचलले, असा तो आरोप होता. गोलसर कोपऱ्यांचा आयताकार चेहरा आणि चित्रांची ओळीने केलेली मांडणी या बाबी त्या वादाच्या केंद्रस्थानी होत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे एक अब्ज पाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रूपाची नक्कल झाली म्हणून संपूर्ण फोनवरील नफा द्यावयाचा की त्यातील एखाद्या भागापुरता, असा निखळ हिशेबी प्रश्न तेथे उपस्थित झाला. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने त्या मुद्द्यावर सॅमसंगच्या बाजूने कौल दिला आणि जून २०१८ मध्ये उभयतांनी तडजोड केली. हे भांडण ऐन भरात असताना आयफोनमधील प्रोसेसर सॅमसंगच तयार करून देत होती. २०१७ च्या आयफोन टेनपासून ॲपलने ओएलईडी स्क्रीन स्वीकारली, तीही सॅमसंगच्याच उपकंपनीकडून. दुकानाच्या दारात वैर आणि गोदामाच्या दारात देवघेव, हा प्रकार पेठेतील मंडळींना नवा वाटू नये.

खटल्यानंतर इतक्या वर्षांनी आलेले हे दोन फोन शेजारी ठेवले, तर दोन्हींची रुंदी ७७.६ मिलिमीटर भरते. आयफोनची उंची १६३ मिलिमीटर, तर सॅमसंगची १६२.८. जाडीतला फरक नखाच्या टोकाएवढाही नाही. त्याआधीच्या काही अल्ट्रा फोनांचे कोपरे धारदार असत आणि ते तळहातास टोचत. एस २५ अल्ट्रात तेही गोलावले. वजनात आयफोन २२७ ग्रॅम, तर सॅमसंग २१८ ग्रॅम आहे. हा नऊ ग्रॅमांचा फरक आजच्या बाजारी तोळ्याहूनही कमी असला, तरी सदऱ्याच्या खिशात दिवसभर फोन बाळगणाऱ्याला तो जाणवतो. दोन्हींची चौकट टायटॅनियमची, पाठ काचेची. ज्याला आयताकार मोठा फोन मुळातच अवजड वाटतो, त्याला या दोहोंपैकी कोणताच सोसणार नाही.

टायटॅनियमचा मात्र फार गाजावाजा झाला आहे. धातू चांगला आहे, हलका आणि कणखर आहे, यात वाद नाही. परंतु दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच त्यावर दोनशे रुपयांचे रबरी कव्हर चढते आणि पुढील चार वर्षे तो धातू कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ज्या गुणाला आपण स्वतःच झाकून ठेवणार, त्यासाठी वेगळी किंमत मोजण्यात हशील नाही. रूपाच्या बाबतीत खरा उपयोगी भेद दोनच ठिकाणी आढळतो. सॅमसंगच्या पोटात एक लेखणी दडलेली असते. पार्सल उतरवून घेताना पावतीवर सही करणे, मालाच्या छायाचित्रावर ‘हा काठ, तो नव्हे’ अशी खूण करणे, ज्येष्ठांनी बोटाऐवजी टोकाने लिहिणे, यासाठी ती कामाची आहे. आयफोनला उजव्या कडेवर कॅमेऱ्याचे स्वतंत्र बटण दिले आहे. त्याने कॅमेरा झटकन उघडतो, पण सरकवून चित्र मोठे-लहान करताना हात हलतो, आणि नगाचे छायाचित्र काढणाऱ्याला हात हललेला परवडत नाही.

स्क्रीनकडे वळताना आकड्यांचा मोह आवरावा लागतो. दोन्ही स्क्रीन ६.९ इंची आहेत. सॅमसंगचे ठिपके ३१२० गुणिले १४४०, आयफोनचे २८६८ गुणिले १३२०. भर उन्हातील कमाल उजेड सॅमसंग २६०० निट्स सांगते, ॲपल २००० निट्स. डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरलेल्या फोनमध्ये ठिपक्यांचा हा फरक सामान्य दृष्टीला दिसत नाही. शिवाय सॅमसंगचा फोन नवा उघडला की तो पूर्ण क्षमतेवर नसतो. तो २३४० गुणिले १०८० वर बेतलेला असतो आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याला वरच्या पायरीवर न्यावे लागते. जाहिरातीतील ठिपक्यांचे पैसे भरून वर्षानुवर्षे खालच्या पायरीवर फोन वापरणारे कितीतरी लोक असतील.

ज्या गुणाची चर्चा कमी होते आणि जो पेढीवर सर्वाधिक उपयोगी पडतो, तो म्हणजे काचेचे न चमकणे. सॅमसंगच्या या फोनला कॉर्निंग कंपनीची ‘गोरिला आर्मर २’ ही काच आहे. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचे परावर्तन ठळकपणे कमी होते. समोर रस्त्याकडे उघडे दुकान, डोक्यावर ट्यूबलाइटांची रांग, अशा ठिकाणी आयफोनच्या स्क्रीनमध्ये स्वतःचा चेहरा आणि मागील दिवे दिसतात, तर सॅमसंगच्या स्क्रीनवर साडीचा काठ दिसतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, वा प्रखर प्रकाशाने डोळे दिपणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सॅमसंगच्या या काचेवर शंभर रुपयांची साधी टेम्पर्ड ग्लास चिकटवली, की वरची काच पुन्हा चमकू लागते आणि हा सारा गुण तिच्याखाली गाडला जातो. विक्रेता फोनसोबत ती काच फुकट चिकटवून देतो, तेव्हा घेणाऱ्याला तो उपकार वाटतो.

रंगांच्या बाबतीत मात्र दोन्ही स्क्रीनवर आंधळा विश्वास ठेवू नये. सॅमसंगमध्ये ‘व्हिव्हिड’ आणि ‘नॅचरल’ अशा दोन रीती असतात. फोन उघडतो तो व्हिव्हिडमध्ये, म्हणजे रंग मुळापेक्षा उठावदार करून. आयफोनमध्ये ‘ट्रू टोन’ ही सोय चालू असते. ती खोलीतील प्रकाशानुसार पांढऱ्या रंगाची छटा बदलते. डोळ्यांना हे सुखावह वाटते, परंतु हातातील कापड व स्क्रीनवरील कापड यांची तुलना करणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. रात्री स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सोयी दोघांतही आहेत. मालाचा रंग पारखताना या सर्व गोष्टी बंद कराव्यात आणि सॅमसंग ‘नॅचरल’वर ठेवावा.

एवढे केल्यानंतरही मूळ अडचण उरतेच, कारण गिऱ्हाईक तो माल विक्रेत्याच्या स्क्रीनवर पाहत नसते. ते आपल्या स्वतःच्या फोनवर पाहते. तो फोन बहुधा दहा-पंधरा हजारांचा, कदाचित साध्या एलसीडी स्क्रीनचा आणि तीन वर्षे जुना असतो. या दोन महागड्या फोनांवर छायाचित्रातील जर अक्षरशः झळकते, कारण चित्राचा उजळ भाग स्क्रीनच्या जादा प्रकाशाने अधिक उजळून दाखवण्याची कला दोघांनाही अवगत आहे. तेच छायाचित्र साध्या फोनवर गेले की झळाळी नाहीशी होते. आयफोन छायाचित्रे अधिक विस्तृत रंगपट्ट्यात साठवतो. साध्या स्क्रीनवर त्यातले गडद तांबडे व केशरी रंग पूर्णपणे उमटत नाहीत. तेव्हा व्यापाऱ्याने सव्वा लाखाचा फोन घेतला तरी घरातला सर्वांत स्वस्त फोन मोडीत काढू नये. प्रत्येक छायाचित्र पाठवण्यापूर्वी त्या स्वस्त फोनवर एकदा पाहून घ्यावे. ज्या रूपात माल तेथे दिसेल, त्याच रूपात गिऱ्हाईक तो विकत घेणार असते.

आता कॅमेरा. सॅमसंगचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा, आयफोनचा ४८ मेगापिक्सेलचा, आणि विक्रेत्याच्या तोंडी पहिला आकडा हाच असतो. परंतु प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा, म्हणजे सेन्सरचा, आकार दोन्हींत जवळजवळ सारखा आहे. एक एकर जमिनीचे ४८ प्लॉट पाडले काय किंवा २०० पाडले काय, जमीन एकरभरच राहते, फक्त प्लॉट लहान होतात. लहान प्लॉटवर प्रकाशही कमी पडतो. म्हणून सॅमसंगचा फोन एरवी सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचे छायाचित्र देतो, आणि आयफोन चार-चार ठिपके एकत्र करून, त्यात बारकावे मिसळून, २४ मेगापिक्सेलचे देतो. सॅमसंगची पूर्ण २०० मेगापिक्सेलची रीत दिवसाच्या भरपूर उजेडातच खुलते. कापडाचा अख्खा तागा उलगडून एकदाच टिपावा आणि नंतर विणीचा हवा तो भाग कापून पाठवावा, यासाठी ती उत्तम आहे. संध्याकाळी दुकानाच्या दिव्यांत तिचा आग्रह धरू नये.

त्यातही हे मेगापिक्सेल गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतात कुठे? व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले, तर ते दाबून सुमारे दोन मेगापिक्सेलचे केले जाते. दोनशेतले एकशे अठ्ठ्याण्णव वाटेतच गळतात. २०२३ पासून ‘एचडी’ म्हणून पाठवण्याची सोय आली आहे, ती वापरावी. मूळ छायाचित्र जसेच्या तसे पोहोचवावयाचे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. आयफोन छायाचित्रे ‘एचईआयसी’ या स्वरूपात साठवतो. पेढीवरील जुन्या संगणकावर ती बहुधा उघडत नाहीत. सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की हा त्रास मिटतो.

मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाची बाब आहे ती लेन्सच्या अंतराची. फोनचा मुख्य कॅमेरा विस्तृत दृश्य टिपणारा असतो. त्याने वस्तू जवळून टिपली की जवळचा भाग फुगतो, दूरचा आक्रसतो. पितळी समईचे बूड लहान आणि माथा मोठा दिसतो. पैंजणाचे घुंगरू बोराएवढे दिसते आणि ते पार्सलमधून निघते तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढे असते. हा खोटेपणा कोणाच्या मनात नसतो, तो लेन्सचा गुणधर्म आहे. त्यावर उपाय एकच. चार पावले मागे सरावे आणि लेन्सने वस्तू जवळ आणावी. येथे सॅमसंगजवळ तीन पटींची आणि पाच पटींची अशा दोन वेगळ्या लेन्स आहेत. आयफोनजवळ पाच पटींची एकच आहे. मधली दोन पटींची सोय तो मुख्य कॅमेऱ्याच्या मधल्या भागातून काढतो, आणि ती चांगली काढतो. तीन पटींची सॅमसंगची लेन्स कागदावर अवघ्या १० मेगापिक्सेलची, जणू त्या चौघांतील धाकटी. तथापि गाळ्याच्या पाच-सहा फूट अंतरातून दागिना, भांडे किंवा पुतळ्यावर नेसवलेली साडी टिपण्यास तीच सर्वांत सोयीची आहे. पाच पटींच्या लेन्ससाठी अरुंद गाळ्यात पाठ भिंतीला टेकवावी लागते. फार जवळ गेल्यास दोन्ही फोन न विचारता विस्तृत लेन्सवर उडी मारतात आणि आकार पुन्हा विस्कटतो, याचेही भान ठेवावे.

यानंतर येतो रंगाचा प्रश्न. व्यापाऱ्याच्या दृष्टीने निकाल तेथेच लागतो. फोनचा कॅमेरा जे दिसते ते नोंदवत नाही, ते चांगले करून नोंदवतो. मार्च २०२३ मध्ये याचा एक बोलका पुरावा समोर आला. एका व्यक्तीने चंद्राचे चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावले आणि सॅमसंगच्या फोनने त्याचे छायाचित्र काढले. धूसर चित्रात नसलेले विवर व डाग त्या छायाचित्रात स्पष्ट उमटले. हा चंद्र आहे, हे कॅमेरा ओळखतो आणि त्यात बारकावे वाढवतो, असे कंपनीनेही त्यानंतर स्पष्ट केले. चंद्राच्या बाबतीत कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु जे यंत्र मुळात नसलेले बारकावे भरून देते, त्याच्या हाती वानगी सोपवताना व्यापाऱ्याने सावध असावे. ॲपल याला सर्वस्वी अपवाद आहे, असेही नाही. तेथे ‘फोटोग्राफिक स्टाइल्स’ या नावाने रंगछटा बदलण्याची सोय आहे. घरातील एखाद्या तरुणाने आपल्या आवडीची छटा एकदा निवडून ठेवली, तर पुढील प्रत्येक साडी त्याच छटेत न्हाऊन निघते.

सर्वसाधारण कल सांगायचा तर सॅमसंग दृश्य उजळ आणि रंग गडद करण्याकडे झुकतो, जरी अलीकडे त्याने हात आवरता घेतला आहे. आयफोन रंग संयमाने हाताळतो आणि एका लेन्सवरून दुसरीवर गेल्यास रंगात फारसा पालट होऊ देत नाही. स्वयंचलित रीतीने, काहीही न बदलता छायाचित्र काढणाऱ्यासाठी आयफोन अधिक भरवशाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु दोघांनाही राणी रंग आणि गडद लाल रंग अवघड जातो. लालाचा भर इतका होतो की कापडाचा पोत त्यात बुडतो आणि रेशमी साडी प्लॅस्टिकसारखी दिसते. छायाचित्र काढताना स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला, तर पोत परत येतो.

दुकानातील दिवे हा रंग बिघडण्याचा दुसरा मार्ग. पिवळसर दिव्याच्या प्रकाशाचे मान साधारण २७०० केल्विन, भर दिवसाच्या प्रकाशाचे ५५०० च्या आसपास. कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने पांढरा रंग ठरवतो, आणि चौकटीत सारे शेंदरी कापडच भरले असेल तर तो अंदाज हमखास चुकतो. हळदीच्या ढिगाचे छायाचित्र फिके येते ते याच कारणाने. एवढा पिवळा रंग म्हणजे दिव्याचा दोष असावा, असे समजून यंत्र तो ‘दुरुस्त’ करते. सॅमसंगच्या मूळ कॅमेऱ्यात ‘प्रो’ रीत आहे. तीत हे केल्विनचे मान अंकांत पक्के करता येते. एकदा पेढीच्या दिव्यांशी ते जुळवले की दिवसभर प्रत्येक नग एकाच मापाने टिपला जातो. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात छायाचित्रासाठी अशी अंकांतली सोय नाही, त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागते. कापड, रंग, मसाले, धान्य यांचा व्यापार असणाऱ्या पेढीसाठी ही एकच बाब तराजू सॅमसंगकडे झुकवण्यास पुरेशी आहे. अर्थात ती सोय वापरण्याचे कष्ट घेतले तरच. फोन खिशातून काढून एका टिचकीत छायाचित्र धाडणाऱ्या घाईच्या माणसाने आयफोन घ्यावा.

काही मालापुढे दोघेही हात टेकतात. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलताच रंग पालटतो. ती धूपछाँव एका स्थिर छायाचित्रात पकडता येणे अशक्यच. तेथे पदर हळूहळू कलता करीत दहा सेकंदांची चित्रफीत काढून पाठवणे हाच मार्ग आहे. चित्रफितीत आयफोनचा हात आजही वरचा आहे. हालचाल स्थिर राहते, प्रकाश मधेच उसळत नाही. चांदीची गोष्ट आणखी वेगळी. पैंजण म्हणजे शंभर छोटे आरसे, आणि आरशात भिंतीचा रंग दिसतो. तेथे फोन बदलून उपयोग नाही. नगाभोवती पांढरे कागद उभे करावेत, फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीच्या उजेडात काम करावे.

घरगुती वापराविषयी थोडक्यात इतकेच, की लग्नसमारंभ, नातवंडांचे खेळ, सहलीतील दृश्ये यांसाठी या दोहोंपैकी कोणताही फोन गरजेपेक्षा अधिकच चांगला आहे.

दुकानात फोन पाहावयास जाताना जाहिरातीतील नमुना-छायाचित्रांवर न विसंबता आपलाच माल सोबत न्यावा. एक राणी रंगाची घडी, एक पांढरेशुभ्र कापड, एखादा चांदीचा नग, पुडीत मूठभर हळद, आणि खिशात घरचा जुना स्वस्त फोन. दोन्ही फोनांनी तोच माल त्याच दिव्याखाली टिपावा, मग दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात पुन्हा टिपावा, आणि छायाचित्रे त्या स्वस्त फोनवर मागवून मालाशेजारी धरून पाहावीत. विक्रेता थोडा कंटाळेल, पण सव्वा लाखाच्या खरेदीत अर्धा तास मागण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे.

किमतीचा हिशेबही वहीत मांडून पाहावा. बाजारात आले तेव्हा आयफोन १६ प्रो मॅक्स (२५६ जीबी) १,४४,९०० रुपयांना आणि एस २५ अल्ट्रा (२५६ जीबी) १,२९,९९९ रुपयांना होता. या किमतींत १८ टक्के जीएसटी अंतर्भूत असतो, म्हणजे अनुक्रमे सुमारे २२,१०० आणि १९,८०० रुपये. नोंदणीकृत पेढीने व्यवसायासाठी फोन घेतला, तर व्यवसायाच्या वापरापुरती ही रक्कम इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र ती मिळत नाही. जी रक्कम क्रेडिट म्हणून घेतली, तिच्यावर पुन्हा घसारा धरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जुना आयफोन विकताना सामान्यतः भाव बरा येतो. त्यामुळे दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याच्या वहीत किमतीतला वरचा पंधरा हजारांचा फरक बराच भरून निघतो. सहा-सात वर्षे एकच फोन वापरणाऱ्याला पुनर्विक्रीचा लाभ नगण्य, आणि त्याला सॅमसंगने दिलेली सात वर्षांच्या सॉफ्टवेअर सुधारणांची हमी अधिक मोलाची.

‘बिनव्याजी’ हप्त्यांविषयी दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मज्जाव केला आहे. व्याज लागतेच, फक्त ते सवलतीच्या रूपाने दुसरा कोणी सोसतो. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही, तेच त्याचे व्याज. शिवाय क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो खिशातूनच जातो. रोखीचा आणि हप्त्याचा असे दोन्ही दर विचारून घ्यावेत.

आणि ज्या पेढीचा सारा व्यवहार व्हॉट्सॲपवरील दोन मेगापिक्सेलांत उरकतो, तिने या दोघांच्या वाट्याला जाण्याचे कारणही नाही. साधा आयफोन १६ बाजारात आला तो ७९,९०० रुपयांना. त्याला दूरची लेन्स नाही आणि स्क्रीन सरकवताना तितकी गुळगुळीत नाही, पण दोन पटींवर चांगल्या उजेडात काढलेले मालाचे छायाचित्र गिऱ्हाइकाच्या फोनवर पोहोचेपर्यंत मोठ्या भावापेक्षा वेगळे ओळखू येणार नाही. उरलेल्या रकमेतील थोडी दुकानात चांगल्या प्रतीचे, रंग खरे दाखवणारे दिवे बसवण्यावर खर्च झाली, तर छायाचित्रे अधिक सुधारतील.

खरेदी ठरली की पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक बिल बनण्याआधी सांगावा. बिल घरच्या नावाने झाले की ते पुढे बदलून मिळवताना फार खेटे पडतात. आणि सॅमसंगकडून आयफोनकडे, अथवा उलट, जाणार असाल तर व्हॉट्सॲपमधील जुने संवाद आपोआप सोबत येतात, असे समजू नका. वर्षानुवर्षांच्या मागण्या, दर, पत्ते, ‘पोहोचले’ असे कबुलीचे संदेश त्यात असतात. ते नव्या फोनमध्ये नेण्याचे काम फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करावे लागते. नंतर आठवले तर नवा फोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची पाळी येते. जुना फोन बदलीत द्यावयाचा असेल, तर हे संवाद नव्यात उतरल्याची खातरजमा झाल्यावरच तो विक्रेत्याच्या हाती द्यावा.